आधी काम, मग अवजार

महाराष्ट्रातल्या बहुतेक तरुणांची फोटो-एडिटिंगशी पहिली गाठ पडते ती भरतीच्या अर्जावर. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो लागतो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीच्या दरम्यानचा. सही लागते १४० बाय ६० पिक्सेलची, १० ते २० केबीची. मोबाइलने काढलेला फोटो असतो चार-पाच एमबीचा. मुदत संपायला थोडे तास उरलेले असतात, अर्ज फोटो घ्यायला तयार नसतो आणि शेवटी नेट कॅफेतला मुलगा दोन मिनिटांत ते काम करून देतो. तो नेमकं काय करतो हे पाहणाऱ्याला कळत नाही. आपल्याला हे यायला हवं, एवढं मात्र त्या दिवशी पक्कं होतं.

दुसरी गाठ पडते लग्नसराईत. गावातल्या स्टुडिओत काम शिकायला लागलेल्या मुलासमोर करिझ्मा अल्बमची पानं असतात. त्याला नवरीच्या मागची मंडपाची दोरी काढायची असते, बॅकग्राउंड बदलायचं असतं, दोनशे फोटोंचा रंग एकसारखा करायचा असतो. तिसरी गाठ घरातली. दसऱ्या-दिवाळीला नवा कॅमेरा किंवा चांगला मोबाइल येतो, सहलीचे फोटो निघतात, आणि डोळ्यांनी पाहिलेलं सह्याद्रीतलं हिरवं फोटोत निस्तेज का दिसतं, हा प्रश्न पडतो. कपाटातल्या जुन्या अल्बममध्ये आजी-आजोबांचा डागाळलेला फोटो असतो, त्याचंही काही करावंसं वाटतं.

या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: शिकायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? आणि त्यांना मिळणारं उत्तरही बहुधा एकच असतं: फोटोशॉप टाक. अर्ज भरणाऱ्याला, अल्बम करणाऱ्याला आणि आजीचा फोटो जपू पाहणाऱ्याला एकच औषध दिलं जातं. त्यातले बरेच जण दोन-तीन दिवस त्या पडद्याकडे पाहून कंटाळतात आणि ‘हे आपलं काम नाही’ असं म्हणून बाजूला होतात. ही माणसं अशी गळून जाऊ नयेत, यासाठी हा लेख आहे. फोटो सुधारणं अवघड नाही. आपलं काम काय आहे ते आधी ठरवलं, तर अवजार निवडणंही अवघड नाही.

फोटोशॉपचं नाव एवढं मोठं कसं झालं

१९८७ साली थॉमस नोल हा विद्यार्थी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होता. त्याच्याकडच्या मॅकिंटॉश प्लस संगणकाचा पडदा फक्त काळा आणि पांढरा दाखवी. मधल्या करड्या छटा त्याला दाखवता येत नसत. त्या दिसाव्यात म्हणून थॉमसने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन ‘स्टार वॉर्स’च्या ट्रिक दृश्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होता. त्याला या प्रोग्रॅममध्ये पुढची शक्यता दिसली. दोघांनी मिळून तो वाढवला, अडोबी कंपनीने तो घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. तीही फक्त मॅकिंटॉशसाठी.

या दोन भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात डार्करूम केली होती आणि मुलं तिथे प्रिंट काढायला शिकली होती. फोटोशॉपच्या कितीतरी साधनांची नावं आणि चिन्हं डार्करूममधून आली आहेत ती त्यामुळेच. प्रिंट काढताना एखादा भाग उजळ ठेवायचा असेल तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती प्रकाशाच्या आड धरत. गडद करायचा असेल तर हाताच्या मुठीतून तेवढ्याच भागावर जास्त प्रकाश पडू देत. फोटोशॉपमधलं ‘डॉज’चं चिन्ह म्हणजे ती चकती आणि ‘बर्न’चं चिन्ह म्हणजे ती मूठ. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने टचिंग करणारे कारागीर होते. चेहऱ्यावरचा व्रण पुसट करणं, डोळ्यांखालची सावली हलकी करणं हे ते हाताने करत. संगणकाने हे काम नव्याने आणलेलं नाही. ते जास्त लोकांच्या आवाक्यात आणलं.

१९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. चित्राचे एकावर एक थर ठेवून प्रत्येकावर स्वतंत्र काम करण्याची सोय झाली आणि अल्बम डिझाइनचा सारा व्यवसाय पुढे या थरांवर उभा राहिला. २००२ साली सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये ‘सेव्हन पॉइंट झीरो’ हे नाव आजही आपुलकीने घेतलं जातं, कारण एका पिढीचा हात त्याच आवृत्तीवर बसला. त्या काळी सॉफ्टवेअर उघडलं की सुरुवातीच्या पाटीवर सीतारामन नारायणन हे नाव दिसायचं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या सॉफ्टवेअरवर आपल्यापैकी कुणाचं तरी नाव आहे, याचं अनेकांना अप्रूप होतं.

तिकडे १९९५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंप हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं, कोणीही वाटावं. जगभरातले स्वयंसेवक ते आजही पुढे नेत आहेत. २०१८ मध्ये २.१० ही आवृत्ती आल्यावर पुढच्या मोठ्या टप्प्याला जवळजवळ सात वर्षं लागली. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं. त्यात फिल्टर लावल्यानंतरही मागे जाऊन तो बदलता येण्याची सोय झाली. नवशिक्याला तिचा फार उपयोग आहे.

एका फोटोवरची चार कामं

सॉफ्टवेअरची तुलना करायची तर प्रत्येकात एकच फोटो उघडून पाहावा. मी त्यासाठी घरच्या गणपतीच्या आरतीचा फोटो निवडला, कारण फोटोग्राफीतल्या साऱ्या अडचणी त्यात एकत्र येतात. तबकात निरांजन, मखरावर एलईडीच्या माळा, वर छताला ट्यूबलाइट. मूर्तीमागे जरीचा गडद पडदा, पुढे पांढऱ्या उपरण्यातले काका, आणि एका कोपऱ्यात भिंतीवरचा स्विचबोर्ड. तो फोटो स्नॅपसीड, मोबाइलवरचं लाइटरूम, गिंप, डार्कटेबल आणि ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी यांत उघडला. सगळीकडे चारच कामं करायची होती: रंग, प्रकाश, चौकट आणि नको ते काढणं. शिकणाऱ्याने आधी हीच चार कामं शिकावीत. ती आली की सॉफ्टवेअर बदललं तरी अडत नाही.

पहिलं काम रंगाचं, म्हणजे व्हाइट बॅलन्सचं. ज्योतीचा प्रकाश साधारण १,९०० केल्विनचा, म्हणजे लालसर-पिवळा. ट्यूबलाइटचा ६,५०० च्या आसपास, निळसर. आपला मेंदू दोन्ही प्रकाशांत पांढऱ्याला पांढरंच म्हणतो. कॅमेऱ्याला मात्र कोणतातरी एकच प्रकाश खरा धरावा लागतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ड्रॉपरचं चिन्ह असतं. जे खरोखर पांढरं किंवा करडं आहे, त्यावर तो टेकवायचा. काकांच्या उपरण्यावर टेकवला, तर उपरणं दुधासारखं पांढरं झालं, पण ज्योत आणि मूर्तीचा चेहरा नारिंगी झाला. तबकाच्या उजेडातल्या कापडावर टेकवला, तर ज्योत शांत झाली आणि सारी खोली निळी पडली. गणिताने बरोबर असलेली दोन्ही उत्तरं आरतीसाठी चुकीची होती. मग ड्रॉपर सोडून तापमानाचा स्लायडर हाताने दोन्हींच्या मधे, किंचित पिवळ्याकडे ठेवला. तेव्हा कुठे ती आरतीची खोली वाटू लागली. हा निर्णय एकही सॉफ्टवेअर आपल्यासाठी घेत नाही. स्लायडर मात्र प्रत्येकात आहे.

दुसरं काम प्रकाशाचं. इथे फोटो रॉ स्वरूपात आहे की जेपेग, यावर सारं अवलंबून असतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. कॅमेरा जेपेग देतो तेव्हा त्याने स्वयंपाक करून ताट वाढलेलं असतं. रॉ म्हणजे न शिजवलेला शिधा. मूर्तीमागच्या गडद पडद्याची जर दिसावी म्हणून ‘शॅडो’चा स्लायडर वर नेला, तेव्हा जेपेगमध्ये पडद्यावर चौकोनी ठिपके आणि पट्टे दिसू लागले. रॉ फाइलमध्ये त्याच जागी जर दिसली, थोडी रवाळ, पण खरी. सोबत हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो, तो वाचायला शिकावं. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. आलेख उजव्या कडेला आपटून तुटला असेल, तर तिथला तपशील गेला. कोणतंही अवजार तो परत आणत नाही. निरांजनाच्या ज्योतीचा गाभा तसा गेलेला होता. तो तसाच ठेवला, कारण ज्योतीचा गाभा डोळ्यालाही पांढराच दिसतो.

तिसरं काम चौकटीचं. कलती भिंत सरळ करणं आणि स्विचबोर्ड क्रॉप करून बाहेर काढणं, एवढ्यानेच निम्मा फोटो सुधारला. चौथं काम नको ते काढणं. पडद्यावर लावलेली टाचणी आणि मखरावरची चिकटपट्टी काढायची होती. इथे क्लोन आणि हीलिंग यांतला फरक समजून घ्यावा. क्लोन शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून डकवतो. हीलिंग शेजारून फक्त पोत घेतं आणि रंग व उजेड त्या जागेचाच ठेवतं. सपाट कापडावर दोन्ही चालतात; जिथे सावली हळूहळू बदलते, तिथे क्लोनचा डाग दिसतो आणि हीलिंग मिसळून जातं.

ही कामं पाचही ठिकाणी झाली. स्नॅपसीडमध्ये ती पटकन झाली. डार्कटेबलमध्ये सर्वांत जास्त वेळ लागला, पण पडद्यावरची जर तिथेच सर्वांत छान आली. गिंपमध्ये टाचणी काढणं सर्वांत समाधानाचं होतं. नेमका इथेच निवडीचा धागा हाती लागतो.

कोणाला काय

अर्जाच्या फोटोसाठी आणि सहीसाठी गिंप किंवा फोटोपी भरपूर झालं. गिंपमध्ये फोटो क्रॉप करायचा, आकार पिक्सेलमध्ये भरायचा आणि जेपेग म्हणून एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू ठेवायचा. दर्जाचा स्लायडर खाली नेला की फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं, त्यामुळे ५० केबीच्या आत ती अचूक बसवता येते. इथे कळकळीची एक विनंती. ‘फोटो रिसाइज’ म्हणून शोधलं की जी कुठलीही संकेतस्थळं समोर येतात, त्यांवर आपली सही चढवू नका. ती कुणाच्या सर्व्हरवर जाते आणि तिथे किती काळ राहते, हे आपल्याला कळत नाही. फोटोपी हे इव्हान कुत्स्किर या प्रोग्रॅमरने जवळपास एकहाती उभं केलेलं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असलं, तरी फाइल आपल्याच संगणकावर उघडतं, ती सर्व्हरवर पाठवत नाही. बाजूला जाहिराती दिसतात, त्यावर त्याचा खर्च चालतो. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर काहीच टाकता येत नसेल, तर सुरुवातीला हेच पुरे.

ज्यांचा कॅमेरा म्हणजे मोबाइल, त्यांनी स्नॅपसीडने सुरुवात करावी. २०११ साली निक सॉफ्टवेअर या कंपनीने ते आणलं, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली. ते मोफत आहे, फोटोवर कुठला शिक्का उमटवत नाही. त्यात प्रत्येक टप्पा साठवलेला असतो, त्यामुळे तिसऱ्या पायरीवर काय केलं ते नंतर उघडून बदलता येतं. फोटोच्या एकाच भागावर बोट ठेवून तेवढाच उजळ करण्याची सोय शिकण्यासाठी फार उपयोगी आहे. आपला डोळा कुठे जातो आणि तो कुठे जायला हवा, याचा विचार तिथून सुरू होतो. मोबाइलवरचं लाइटरूमही प्राथमिक स्लायडरांसाठी मोफत वापरता येतं. त्यातली पुढची साधनं पैसे भरून मिळतात.

कॅमेऱ्याने रॉ काढणाऱ्यांना शेकडो फोटो पाहायचे, निवडायचे आणि एका धाटणीत आणायचे असतात. त्यांच्यासाठी लाइटरूम, डार्कटेबल किंवा रॉथेरपी. ही तिन्ही मूळ फाइलला हात लावत नाहीत. आपण काय बदललं याची फक्त नोंद ठेवतात. लाइटरूम २००७ मध्ये आलं, ते शिकायला सोपं आहे आणि लग्नाच्या कामात वेळ वाचवतं. त्याला वर्गणी लागते. डार्कटेबल २००९ पासूनचं, खुलं आणि मोफत आहे, पण त्यातल्या साधनांची गर्दी पहिल्या दिवशी घाबरवते. रॉ फाइल उघडल्यावर ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसली त्याहून फिकट दिसते. ती बिघडलेली नसते, कॅमेऱ्याने स्वतःहून चढवलेला रंग आणि काँट्रास्ट तिच्यात अजून आलेला नसतो, इतकंच. हे कोणी आधी सांगितलं, तर कितीतरी नवशिके डार्कटेबल सोडून पळणार नाहीत. चांगलं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावर ते रेंगाळतं, हेही माहीत असावं.

अल्बम डिझाइन, कटिंग, पोस्टर ही पोटापाण्याची कामं करायची असतील, तर फोटोशॉप शिकावंच लागेल. याचं कारण फोटोशॉपच्या गुणाइतकंच बाजारातही आहे. अल्बमच्या तयार पानांचे साचे फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये येतात, लॅब आणि डिझायनर एकमेकांना पीएसडी पाठवतात, नोकरी देणारा तेच विचारतो. गिंप आणि फोटोपी पीएसडी उघडतात, पण गुंतागुंतीच्या फाइलमध्ये काहीतरी सुटतं, आणि उद्या सकाळी अल्बम द्यायचा असताना ते परवडत नाही. फोटोशॉपला किमान ८ जीबी रॅम लागते, १६ जीबी असलेली बरी. लॅपटॉप घेतानाच हा हिशेब करावा. गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात नोकरी करायची असेल, तर आधी तिथे जाऊन काय वापरतात ते विचारावं. तिथे अजूनही कोरलड्रॉचं राज्य आहे, आणि कोरलड्रॉ मुळात रेषा-अक्षरांचं सॉफ्टवेअर आहे, फोटोचं नाही.

प्रिंट काढणाऱ्यांनी एक गणित पाठ करावं. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळजवळ १ कोटी ९४ लाख. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला हे सहज जमतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो वाटेतच दाबला जातो, त्यातून हे साधत नाही. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. लॅबला फाइल द्यायची ती सहसा एसआरजीबी रंगातली जेपेग. आणि पडद्याचा उजेड कमी करून मगच फोटो सुधारावा. झगझगीत पडद्यावर सुंदर दिसलेला फोटो कागदावर काळवंडतो. त्यात लॅबचा दोष नसतो.

मराठी अक्षरांची परीक्षा

आपल्याकडे फोटोवर अक्षरं येतातच. दिवाळीच्या शुभेच्छा, वाढदिवस, बारसं, श्रद्धांजली. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात ‘श्री’, ‘किल्ला’, ‘हार्दिक’, ‘कर्तृत्व’ आणि ‘सुऱ्या’ हे शब्द लिहून पाहावेत. वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसलं, रफार भलत्या अक्षरावर चढला, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची मांडणी कळत नाही किंवा ती सोय बंद आहे. गिंपमध्ये युनिकोड मराठी सहसा सरळ उमटतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत अक्षरं फुटलेली दिसली, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय निवडावा लागतो. त्यानंतर ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणीत मराठी नीट बसतं. हे एक बटण माहीत नसल्यामुळे फुटक्या अक्षरांची कितीतरी शुभेच्छापत्रं आपल्यापर्यंत पोहोचतात.

डीटीपीच्या काळात श्रीलिपीसारख्या फॉन्ट-संचांनी मराठी छपाईला मोठा आधार दिला. पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर वाचता येत नाही. आज शिकायला सुरुवात करणाऱ्याने युनिकोडच धरावं. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट मोफत मिळतात. चांगल्या फोटोवर ओबडधोबड अक्षरं बसवायचं आता काहीच कारण उरलेलं नाही.

पाच वर्षांनी काय हाती राहील?

एके काळी मराठी घरांतल्या संगणकावर पिकासा हमखास असायचं. साधं, मोफत, वेगवान. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. फोटो कुठेही गेले नाहीत. पण पिकासात केलेल्या सुधारणा मूळ फोटोत न उतरवता प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत नोंदलेल्या असत. ज्यांनी ते फोटो वेळीच नव्याने सेव्ह केले नाहीत, त्यांना नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते फोटो मूळ, न सुधारलेल्या रूपात दिसले. मेहनत पुसली गेली नव्हती; ती वाचणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेताना एक प्रश्न विचारावा: याचा मालक उद्या बदलला, भाव वाढला किंवा ते बंद झालं, तर माझं काम माझ्याकडे राहील का? अडोबीने २०१३ मध्ये एकदाच पैसे भरून घ्यायच्या नव्या आवृत्त्या थांबवून फोटोशॉप वर्गणीवर नेलं. लाइटरूम क्लासिकची वर्गणी थांबवली, तरी आपले फोटो पाहता येतात, एक्स्पोर्ट करता येतात. फक्त सुधारणा करण्याचं दालन बंद होतं. इंग्लंडमधल्या सेरिफ कंपनीचं अ‍ॅफिनिटी हे एकदाच पैसे भरायचं सॉफ्टवेअर होतं. २०२४ मध्ये कॅन्व्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये अ‍ॅफिनिटी मोफत केलं. आनंदाची गोष्ट आहे, वापरून जरूर पाहावं. पण कंपनीने दिलेली सवलत आणि खुल्या परवान्याने मिळालेला हक्क यांत फरक आहे. गिंप आणि डार्कटेबल यांचा परवानाच असा आहे, की ते कोणालाही काढून घेता येत नाहीत.

यावर उपाय सोपा आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडतो. मूळ फाइल कधीही बदलायची नाही, तिची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची. थरांसह काम पीएसडी किंवा गिंपच्या एक्ससीएफमध्ये जपायचं. आवडता, पूर्ण झालेला फोटो टिफ किंवा उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये वेगळा काढून ठेवायचा. जेपेग पुन्हापुन्हा उघडून सेव्ह करायचा नाही, दर वेळी तो थोडा झिजतो.

आणि क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, स्पष्ट बोललं पाहिजे. छोट्या गावांत कित्येकांचं पहिलं फोटोशॉप पेन ड्राइव्हवरून आलेलं असतं. त्या काळी दुसरा पर्याय कुणी दाखवला नव्हता, हे खरं आहे. आज तसं नाही. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच संगणकावर ग्राहकांचे फोटो, आधार कार्डं आणि बँकेचे व्यवहार असतात. ज्याला पोटासाठी फोटोशॉप लागतं, त्याने दोन-तीन कामं मिळाली की वर्गणी काढावी. तोवर गिंप आणि फोटोपीवर हात बसवावा. थर, मास्क, कर्व्ह हे सगळीकडे तेच आहेत, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

चेहऱ्याला हात लावताना

सगळ्यांत जास्त काळजी घ्यावी असा भाग चेहरा आहे. आपल्याकडे फोटो काढून झाला की ‘थोडं गोरं करा’ ही मागणी येते, आणि नवशिका ती पहिल्याच आठवड्यात पुरी करायला शिकतो. मोबाइलमधले ब्यूटी फिल्टर तर न सांगताच रंग उजळवतात, कातडी गुळगुळीत करतात. सावळ्या विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला आपल्याच लेकींचा सावळा रंग फोटोत पुसावासा वाटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तांत्रिकदृष्ट्याही ते चूक आहे. एक्स्पोजर वाढवून गोरा केलेला चेहरा सपाट होतो, गालाची गोलाई आणि कपाळावरची चमक नाहीशी होते. सावळी त्वचा तिच्या रंगातच सुंदर उतरते. डोळ्यांखालची सावली थोडी हलकी करावी, डोळ्यांतला प्रकाश किंचित वाढवावा, उद्या जाणारी पुटकुळी काढावी आणि कायमची असणारी खूण तशीच ठेवावी. एवढा नियम पाळला, तरी माणूस माणसासारखा राहतो.

फोटोत फेरफार करून खोटं बोलणं फोटोशॉपच्या आधीपासून आहे. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ आणले आणि त्यावर मोठं वादळ उठलं. आज वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात मूळ रॉ फाइल मागितली जाते. बातमी, पुरावा, स्पर्धा इथे फक्त प्रकाश-रंग-चौकट. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. पोस्टर किंवा निमंत्रणपत्रिका असेल, तर कल्पनेला मोकळीक आहे. ही सीमा शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून पाळावी.

आता तर एका शब्दाच्या सूचनेवर फोटोत नवं आकाश, नवी माणसं येतात. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून ही सोय आहे, गूगल फोटोजमध्येही तशी साधनं आली आहेत. मागची तार काढायला त्यांचा छान उपयोग होतो. पण जुन्या फोटोवर ती चालवताना सावध राहावं. आजीचा अस्पष्ट चेहरा ‘स्पष्ट’ करायला सांगितला, की ते यंत्र आजीला ओळखत नसतं. लाखो चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे आणि ओठ ते तिथे बसवतं. फोटो लख्ख होतो आणि त्यातली बाई आजी राहत नाही. त्यापेक्षा तो प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन करावा, टिफमध्ये ठेवावा, नवा लेयर घेऊन हीलिंगने एकेक बुरशीचा डाग आणि घडीची रेघ काढावी, चेहरा शेवटी घ्यावा आणि जिथे तपशील उरलाच नाही, तिथे थांबावं. या कामाला दोन-तीन संध्याकाळी लागतात. त्या वेळात आजीचा नाकातला मोत्याचा दागिना, काठाची नक्षी, मागे ठेवलेली स्टुडिओची कुंडी हे सारं आपण पहिल्यांदाच नीट पाहतो.

म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. काम अर्जाचं असेल, तर गिंप किंवा फोटोपी. मोबाइलच्या फोटोंसाठी स्नॅपसीड. रॉ काढत असाल, तर आधी डार्कटेबल महिनाभर नेटाने वापरावं. नाहीच जमलं, तर लाइटरूमची वर्गणी काढावी. धंदा करायचा असेल, तर फोटोशॉप, पण पैसे भरून. यांपैकी एकच घ्यावं आणि वर्षभर तेच वापरावं. रंग, प्रकाश, चौकट आणि नको ते काढणं ही चार कामं त्यात अशी शिकावीत, की स्लायडरला हात लावण्याआधी काय करायचं आहे ते डोळ्याला कळलेलं असेल. तो डोळा एकदा तयार झाला, की कंपन्या बदलोत, भाव बदलोत, नवी यंत्रं येवोत, आपण कुठल्याही पडद्यासमोर बसून काम करू शकतो. कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर तो विकत मिळत नाही. रोजच्या सरावाने मात्र प्रत्येकाला मिळतो.